चार तोंडांचा चौक

कळमनुरी
मार्गशीर्ष वद्य ५, शके १८५८

चि. उत्तमराव यास,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. आज तो मुद्दाम लिहिलेला नाही.

काल तहसीलदारसाहेबांनी बोलावून घेतलं. चहा दिला आणि टेबलावर एक नकाशा पसरला. म्हणाले, किसनराव, तुमच्या घरासमोरच्या बाजारचौकाचं नशीब उघडलं, हैदराबादेहून मंजुरी आली, आणि नकाशा काढणारा तुमचाच पुतण्या आहे. साऱ्या कचेरीसमोर माझं अभिनंदन केलं. कोपऱ्यात तुझी सही पाहिली आणि चहा तसाच ठेवून उठलो. आईबाप गेल्यावर तुला पोटच्या पोरासारखा वाढवला, शहरात शिकवला, सरकारी बांधकामाच्या कचेरीत नकाशानवीस म्हणून चिकटवला, तो या दिवसासाठी?

आजवर चौकाला एकच तोंड होतं, वेशीकडचं. पोळ्याचं तोरण त्या तोंडावर बांधतात आणि त्याखालून पहिली जोडी आपली जाते. तुझ्या पणज्याच्या आधीपासून जाते. पाटीलकीचं आता राहिलंय काय? कागद सरकारकडे गेले, वसुली सरकारकडे गेली, एवढा एक मान उरला होता. आणि तू काय केलंस? मधल्या मारुतीभोवती आणि लिंबाच्या झाडांभोवती गोल कट्टा घातलास, कट्ट्याभोवती गोल रस्ता, आणि चौकाला चार तोंडं पाडलीस. आता तोरण बांधायचं कुठं? गोलात पहिला कोण आणि शेवटचा कोण?

वर आणखी थाट काय, तर उन्हाळ्यासाठी झाडाखाली बैठक, पावसाळ्यासाठी पत्र्याची छपरी, हिवाळ्यासाठी उन्हाकडे तोंड केलेल्या पायऱ्या, जनावरांसाठी हौद. बारा महिने लोकांनी चौकात येऊन बसायचं म्हणे. लोकांना घरं नाहीत का?

नकाशा दुरुस्त करून पाठव. एक तोंड ठेव. बाकी काय करायचं ते कर.

किसनराव


हैदराबाद
ता. ९ जानेवारी १९३७

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही आशीर्वाद गाळलात, मी नमस्कार गाळणार नाही. पण नकाशाही बदलणार नाही.

मला कचेरीतून एकच सवाल आला होता. हा चौक बाजाराच्या दिवशी फुलतो आणि एरवी तिथं कुत्रं फिरकत नाही, असं का? माझ्या आधी एकानं कारंजं सुचवलं होतं, दुसऱ्यानं लोखंडी कठडा आणि फुलझाडं. ते दोघं कळमनुरीचे नव्हते. मी आहे. मला कारण ठाऊक होतं, आणि ते कचेरीत सांगायची मला लाज वाटली.

कारण आपली ढेलज आहे. दाराशेजारच्या त्या उंच बैठकीवर तुम्ही सकाळपासून बसता आणि चौकातून जाणारा माणूस पायातल्या वहाणा काढून हातात घेतो. बाजाराच्या दिवशी गर्दीत कोणी कोणाचे पाय पाहत नाही, म्हणून लोक येतात. बाकीच्या दिवशी तापल्या मातीतून अनवाणी चालायला कोण येईल? म्हातारी माणसं मारुतीला मागच्या बोळातूनच हात जोडतात आणि परत फिरतात. तुम्हाला हे दिसत नाही, कारण तुम्ही समोर बसता.

आणि मसाजीचं काय? धनगरवाड्यातला मसाजी, मेंढरं राखून थोडी जमीन कसणारा. आई गेली तेव्हा त्याच्या पंचफुलाबाईनं रोज शेळीचं दूध आणून मला जगवलं, हे काकूनंच मला सांगितलंय. परवाच्या सालच्या पोळ्याला ढोल वाजला, मसाजीचे बैल बुजले आणि आपल्या जोडीच्या आधी तोरणाखालून गेले. जनावरं बुजली, एवढीच गोष्ट. तुम्ही त्याच्या बैलांच्या झुली ओढून काढल्यात आणि त्याला त्याच्याच वहाणा डोक्यावर धरायला लावून मारुतीपुढं उभं केलंत. मी मधे पडलो तर मला ढकललंत. त्या दिवसापासून मसाजी चौकात आलेला नाही. त्याच्यामागं सारा धनगरवाडा यायचा थांबला. आपल्या गावच्या घोंगड्या आता औंढ्याच्या बाजारात विकल्या जातात.

तुम्ही विचारलंत, गोलात पहिला कोण. कोणीच नाही. तसाच तो काढलाय.

काकूंना नमस्कार.

उत्तम


कळमनुरी
पौष शुद्ध ६, शके १८५८

उत्तमराव,

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या काकूनं दोनदा विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं, खुशाल आहे.

तू मला शिकवतोस? मी कोणाला सांगितलं होतं वहाणा काढा म्हणून? लोक आपणहून काढतात. मोठ्या माणसाची अदब असते ती. शहरात राहून तुला अदब म्हणजे जुलूम वाटू लागली. आणि मसाजीनं बैल बुजू दिले कशाला? ज्याला आपली जनावरं आवरत नाहीत त्यानं मिरवणुकीत यावं कशाला? त्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर पुढच्या साली प्रत्येकाचे बैल बुजले असते.

शेळीच्या दुधाचं मला सांगू नको. दूध पंचफुलाबाईनं पाजलं, पण रात्ररात्र तुला खांद्यावर घेऊन या ढेलजेत कोण फिरलं? ज्या ढेलजेची तुला आज लाज वाटते, त्याच ढेलजेत.

मी तहसीलदाराकडे दरखास्त दिली आहे. तो गोडगोड हसतो आणि म्हणतो, नकाशा हैदराबादेत मंजूर झाला, बदलायचा तर नकाशानवीसानंच बदलायला पाहिजे. म्हणजे मी आता तुझ्या दारात पदर पसरायचा? आणि तो रस्ता एवढा रुंद कशाला? दोन बैलजोड्या शेजारून जातील एवढा. कळमनुरीत कोणाला घाई झाली आहे?

शेवटचं सांगतो. नकाशा बदल, नाहीतर मला काका म्हणू नको.

किसनराव


हैदराबाद
ता. २८ जानेवारी १९३७

ती. काकांस,

काका म्हणतच राहणार. ते तुमच्या दरखास्तीवर अवलंबून नाही.

तुमचा कागद माझ्या साहेबांपुढं आला. त्यांनी मला बोलावून विचारलं की हे गृहस्थ कोण? मी सांगितलं, ज्यांनी मला वाढवलं ते. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. मला किती अपमान वाटला असेल याचा विचार करा. तुमच्यामुळं नाही, माझ्यामुळंही नाही. या गोष्टीचा उलगडा एका परक्या माणसापुढं करावा लागला, म्हणून.

लोक आपणहून वहाणा काढतात म्हणता. मसाजीनंही त्या आपणहून डोक्यावर घेतल्या होत्या का?

खांद्यावरच्या रात्री मला आठवत नाहीत, पण त्या झाल्या हे मी कधी नाकारलं नाही. म्हणून तर राग येतो. परक्या पाटलाचा एवढा राग आला नसता.

रस्ता रुंद आहे तो दोन जोड्या शेजारी शेजारी चालाव्यात म्हणूनच. एकामागं एक चाललं की पुढचा-मागचा येतो.

मीही शेवटचं सांगतो. मसाजी आपल्या बैलांसकट त्या चौकात आला, असं कळेपर्यंत मी कळमनुरीत पाऊल टाकणार नाही. पाडव्याला नाही, दिवाळीला नाही. काकूंना हे तुम्ही सांगा. माझ्याच्यानं लिहवत नाही.

उत्तम


कळमनुरी
फाल्गुन वद्य ८, शके १८५८

उत्तमराव,

तुझ्या काकूला सांगितलं. तिनं दोन दिवस माझ्याशी भाषण केलं नाही. तेवढं समाधान तुला लाभो.

काम सुरू झालं. दिवसभर दगड फोडण्याचा आवाज आणि डोळ्यात धूळ. मजूर माझ्या ढेलजेच्या सावलीत जेवायला बसतात. हाकलावं म्हटलं तर मुकादम म्हणतो, सरकारी काम आहे, मालक, थोडी तकलीफ सहन करा. मंजुळाबाईंनी, म्हणजे तुझ्या काकूनं, त्यांना ताक पाठवलं. माझ्याच घरात माझं कोण ऐकतं ते मला कळेनासं झालं आहे.

हौद बांधून झाला. पाणी अजून सोडलेलं नाही तोच गावातली पोरं त्यात उड्या मारून राहिलीत. कट्टा कमरेइतका वर आला आहे आणि त्यावर दगडांचे ढीग रचले आहेत. ढेलजेतून आता मला मारुती दिसत नाही, नुसता दगड दिसतो.

पण एक ध्यानात ठेव. चार तोंडं पाड नाहीतर चाळीस पाड. पोळ्याला मी तोरण वेशीच्या तोंडावरच बांधणार आणि पहिली जोडी माझीच जाणार. मी कोणाच्या बैलामागून चालणार नाही. या जन्मात नाही.

किसनराव


हैदराबाद
ता. २४ ऑगस्ट १९३७

ती. काकांस,

पोळा जवळ आला म्हणून चार ओळी लिहितो.

तहसीलदारांना मी लिहिलं आहे की तोरणं चारही तोंडांवर बांधावीत. त्यांचा होकार आला. कोणी कोणत्या तोंडानं यायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. आत आल्यावर मारुती उजवीकडे ठेवून सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरायचं, देवाची प्रदक्षिणा असते तसं. एवढाच नियम.

मसाजीला मी निरोप पाठवला आहे. यायचं की नाही ते तो ठरवेल. त्याचाही राग आहे, आणि तो तुमच्या-माझ्या रागाहून जुना आहे.

उत्तम


कळमनुरी
भाद्रपद शुद्ध ३, शके १८५९

उत्तमराव,

गावातून कोणीतरी तुला तिखटमीठ लावून कळवेलच, त्याआधी मीच लिहितो.

पोळ्याला माझी जोडी वेशीच्या तोंडावर आणून उभी केली. शिंगांना बेगड, नव्या झुली, गळ्यात घुंगरमाळा. ढोल वाजला आणि त्याच दमात उरलेल्या तिन्ही तोंडांतून बैल आत शिरले. मी आत पाऊल ठेवेपर्यंत कट्ट्याभोवती रांग फिरायला लागली होती. कोणाला काही वाटलं नाही. कोणी मागं वळून पाहिलं नाही. पोरं हसत होती. रांगेत शिरायचं तर कोणाच्या तरी बैलाच्या शेपटीमागं उभं राहावं लागलं असतं.

मी बैल उलटे वळवले.

व्हय, उलटे. मारुती डावीकडे घेऊन. त्या घटकेला मला एवढंच कळत होतं की असं गेलो तर माझ्यापुढं कोणाची शेपटी येणार नाही. समोरून येणारे लोक मला पाहून जोड्या कडेला घेऊ लागले. तुझा रुंद रस्ता तेवढ्यापुरता कामाला आला. एकेक तोंड समोरून येत होतं. या गावात जन्म गेला, पण लोक मला असे कधी समोरून दिसले नव्हते. खाली घातलेल्या मानाच तेवढ्या ओळखीच्या.

छपरीजवळ मसाजी समोर आला. त्यानं जोडी कडेला घेतली नाही. रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. त्याचा बैल आणि माझा बैल, शिंगाला शिंग. ढोल थांबला. मी म्हटलं, सरक. तो आवाज न चढवता म्हणाला,

"देवाला उलटं चाललात तुमी, मालक. मी बराबर चाललो. मी सरकणार न्हाई."

उभ्या गावादेखत. आणि त्याचं म्हणणं खरं होतं, हाच तर संताप. जन्मभर मी रिवाज रिवाज करत आलो, आणि पोळ्याच्या दिवशी मारुतीला उलटी फेरी घालणारा एकटा मीच. मला परत फिरता येईना आणि पुढं जाता येईना. हातात चाबूक होता. त्यानं तो पाहिला आणि तरी जागचा हलला नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दोन्हीकडं जोड्या खोळंबल्या. बैलांना तहान लागली तसे लोक त्यांना हौदावर नेऊन पाणी पाजू लागले. म्हातारे पायऱ्यांवर बसले. पावसाची सर आली तेव्हा बायका-लेकरं छपरीत शिरली. घरोघरी ताटं वाढून तयार, आणि बैल घरी येईनात. मग बायकाच पुरणपोळीची ताटं घेऊन चौकात आल्या. दिवस मावळत आला, तुझ्या कचेरीनं लावलेले कंदील कोणीतरी पेटवले, आणि सगळा गाव माझ्या दारात जत्रेसारखा बसून राहिला. आम्ही दोघं मधे उभे.

तेवढ्यात तुझी काकू ढेलजेच्या पायऱ्या उतरली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती चारचौघांदेखत त्या चौकात उतरलेली नाही. हातात ताट. आपल्या बैलांना घास दिला. शेजारी पंचफुलाबाई रिकाम्या हातानं उभी होती, तिचं ताट घरी राहिलेलं. मंजुळाबाईंनी आपल्या ताटातली पोळी मोडून तिच्या हातात दिली आणि दोघींनी मिळून मसाजीच्या बैलांना चारली. मग माझ्याकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"बैलं उपाशी हायेत. वळवा आता."

घरातूनच फितुरी झाल्यावर माणूस काय करणार? मी बैल वळवले. मसाजी मागं राहिला नाही आणि पुढंही गेला नाही. त्याची जोडी माझ्या जोडीच्या शेजारून चालली. तुझा रस्ता तेवढाच रुंद आहे, दोघांचाही खांदा घासला नाही.

झालं तुझ्या मनासारखं. मसाजी चौकात आला, बैलांसकट आला. आता तू यायचं की नाही ते तू ठरव. मी बोलावत नाही.

किसनराव


हैदराबाद
ता. २० सप्टेंबर १९३७

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. काकू पायऱ्या उतरली त्या ओळीशी थांबलो आणि रडलो, ते काकूंना सांगू नका.

पण तुम्ही सगळं लिहिलंत आणि एक गोष्ट गाळलीत. बेगड लिहिली, झुली लिहिल्या, पावसाची सर लिहिली. मसाजीच्या पायांत काय होतं ते लिहिलं नाहीत. तो वहाणा घालून उभा होता की अनवाणी? अनवाणी असेल तर तुमच्या चौकात काहीच बदललेलं नाही. पोळ्याच्या गर्दीत एक दिवस कोणीही येतं. मी तो चौक एका दिवसासाठी काढला नव्हता.

हे मसाजीला विचारू नका, आठवून लिहा. आणि उत्तर नसेल तर पत्र पाठवू नका. मी समजेन.

उत्तम


कळमनुरी
पौष शुद्ध १०, शके १८५९

चि. उत्तमराव यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर तेव्हा नव्हतं. पोळ्याला तो अनवाणी होता. वहाणा कमरेच्या शेल्यात खोचलेल्या होत्या. मला दिसल्या होत्या. लिहिलं नाही.

आता तुझ्या चौकाविषयी तक्रारी लिहितो, त्या तुझ्या साहेबाला वाचून दाखव. थंडी सुरू झाल्यापासून उजाडलं की लोक उन्हाच्या पायऱ्यांवर येऊन बसतात ते उठायचं नाव घेत नाहीत. संध्याकाळी शेकोट्या. धनगर मंडळी घोंगड्या घेऊन औंढ्याला जायची ती आता छपरीत रोजच पसारा मांडतात, आणि गिऱ्हाईक नसलं की मोठ्यानं गप्पा हाणतात. एक मास्तर उर्दू अखबार वाचून दाखवतो, निम्मं कोणाला कळत नाही तरी भांडण होतं. हौदाशी बायकांची आणि गुराख्यांची रोज कटकट. ढेलजेत बसून मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तिथं बसून करायचं काय, म्हणून मीही सकाळी कट्ट्यावर जातो. ऊन तिकडं चांगलं लागतं, त्यात दुसरं काही नाही.

आणि तिथंच तुझी अक्कल उघडी पडली. कट्ट्याची खालची पायरी फार उंच केली आहेस. तरण्या माणसाच्या पायानं मोजलीस वाटतं. माझा गुडघा वर येत नाही. चार दिवस मी खालीच उभा राहून परत फिरलो आणि तुला शिव्या दिल्या. काल वर मसाजी बसला होता. त्यानं पाहिलं, उठून खाली आला आणि हात पुढं केला. मी घेतला. घ्यावा लागला.

हात धरून चढताना माणसाची नजर खालीच असते. त्याच्या पायात वहाणा होत्या. नव्या होत्या, करकर वाजत होत्या. आजही वाजल्या.

पायरीचं माप घ्यायला दुसऱ्या कोणाला धाडू नको. स्वतः ये.

किसनराव